ताई ची, शिंगयी, बाग्वा: हालचालीत खरं बळ आहे की नुसता देखावा, हे ओळखायचं कसं?

(पाच जणांची चर्चा. उंबरठा, ओळंबा, गुणफलक, फुटपट्टी आणि दीपमाळ ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

उंबरठा

ताई ची आणि शिंगयी या चिनी युद्धकला शिकणाऱ्या बारा-पंधरा जणांच्या वर्गाचं मूल्यमापन करायचं आहे. अभ्यासक्रमात ताई चीच्या चेन शैलीची पहिली मालिका (लाओजिया यीलू), शिंगयीच्या पाच मुठी आणि दोघांनी हात भिडवून एकमेकांना ढकलण्याचं थुईशौ एवढं आहे. वुशू (चिनी युद्धकलांचा क्रीडाप्रकार) स्पर्धेची गुणपद्धत ठाऊक आहे, पण ती इथे कितपत लागू पडते याबद्दल शंका आहे. नेमके प्रश्न असे:

एकट्याने केलेल्या मालिकेवरून बळाचा अंदाज बांधता येतो का, की त्यातून फक्त आकार दिसतो?

फाजिन (बळ एकदम बाहेर सोडणं) करताना सदऱ्याची बाही फटकन वाजते, पाय जोरात आपटतो, सगळं अंग थरथरतं. यातलं कशाला गुण द्यायचे?

थुईशौमध्ये जोडीदार उड्या मारत चार पावलं मागे गेला, तर ते ढकलणाऱ्याचं कौशल्य धरायचं का?

आणि घरच्या साधनांनी काही मोजता येतं का? मोबाइल, वजनकाटा, लोंबती बॅग एवढं उपलब्ध आहे.

ओळंबा

एकट्याच्या मालिकेत बरंच काही दिसतं. फक्त हाताकडे बघायचं थांबवावं लागतं.

या कलांमध्ये 'ली' आणि 'जिन' असा भेद करतात. ली म्हणजे एखाद्या सांध्याचं किंवा स्नायूच्या गटाचं सुटं बळ. जिन म्हणजे सगळ्या शरीरातून जोडत आलेलं, सरावाने घडवलेलं बळ. ताई चीच्या जुन्या सूत्रांत त्याचा मार्ग स्पष्ट दिला आहे: मूळ पावलात, सुटतं पायातून, ताबा कमरेचा, प्रकट होतं बोटांत. परीक्षकाने याच क्रमाने, खालून वर बघत जायचं. बहुतेक जण बोटांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

बसायची जागाही महत्त्वाची आहे. समोरून फक्त आकार दिसतो. परीक्षार्थीच्या बाजूला, किंचित मागे बसा, म्हणजे मागची टाच, जांघेची घडी (चिनीत 'ख्वा') आणि खांद्याची रेषा एकाच नजरेत येतात.

तुमच्या अभ्यासक्रमातलंच उदाहरण घेतो: यान-शौ-गोंग-छुआन, म्हणजे उजव्या मुठीचा तो ठोसा. ठोशाआधी वजन उजवीकडे असतं, मूठ छातीजवळ तळवा वर करून असते आणि डावा हात पुढे झाकण धरल्यासारखा. मग उजवा पाय जमीन रेटतो, खुबा डावीकडे वळतो, मूठ फिरत जाते आणि तळवा खाली होतो. त्याच क्षणी डावं कोपर मागे जातं. या एका हालचालीत काय काय बिघडतं ते बघा.

पहिली चूक: वजन आधी पूर्ण डावीकडे जातं आणि कंबर नंतर वळते. पायाने दिलेला रेटा वजन सरकवण्यातच खर्च झालेला असतो, त्यामुळे मुठीला मिळतं ते फक्त खांद्याचं बळ. बाजूने बघितलं तर एक बारीकसा थांबा दिसतो. शरीर पोचलेलं असतं आणि हात नंतर निघतो.

दुसरी: उजवा गुडघा आत कोसळतो आणि पावलाची बाहेरची कड उचलली जाते. असं झालं की जमिनीशी असलेली जोड तुटली. वरचा ठोसा कितीही देखणा असला तरी माझ्या लेखी तो निम्म्यावर आला. शिवाय पाऊल रोवलेलं आणि गुडघा पिळलेला, अशी फाजिनं रोज केली तर गुडघा धरतो, म्हणून ही चूक गुण कापून सोडून देऊ नका, सांगून दुरुस्त करून घ्या.

तिसरी: डाव्या कोपराकडे दुर्लक्ष. मागे जाणारं कोपर पुढच्या मुठीचा तोल सांभाळतं. ते आळसावलं की कंबर गरजेपेक्षा जास्त फिरते आणि डोकं उजवीकडे झुकतं. मानेचा झोल दिसला की डावं कोपर तपासा, कारण बहुधा तिथेच सापडतं.

चौथी: खांदा. मूठ सुटण्याच्या क्षणी उजवा खांदा कानाकडे दोन बोटंसुद्धा सरकला तर बळ तिथे अडतं. यांग छंगफू (१८८३–१९३६) यांच्या दहा सूत्रांत 'खांदे सोडा, कोपरं खाली ठेवा' हे सूत्र आहे, ते याच कारणाने.

आता बाहीचा आवाज. बाही वाजते ती हात झटक्यात थांबला किंवा मागे आला की. म्हणजे त्यातून हाताचा वेग कळतो. मागे किती शरीर होतं हे अजिबात कळत नाही. सैल रेशमी सदरा घालून नुसत्या मनगटाच्या झटक्यानेही तो आवाज काढता येतो. गुण देऊ नका.

पाय आपटणं थोडं वेगळं. चेन मालिकेतल्या जिनगांग-दाओदुई या हालचालीत उजवं पाऊल खाली येतं तेव्हा शरीर सैल सोडून वजन खाली मुरवायचं असतं. बरोबर जमलं तर सपाट पावलाचा भरीव 'धप्' असा आवाज येतो. 'टाक्' असा कोरडा आवाज आला तर टाच आधी टेकली आहे किंवा गुडघा ताठ आहे. आवाज मोठा आणि डोक्याची उंची जराही बदलली नाही, तर फक्त पोटरीने जमीन बडवली आहे.

थरथरीबद्दल: सुटलेल्या शरीरात फाजिननंतर एक छोटी उसळी उठते आणि विरते. धोपटलेल्या गादीसारखी, एकदा हलून शांत. हात, हनुवटी, गाल तीन-चार वेळा थरथरत राहिले तर ते मुद्दाम केलेलं असतं, किंवा विरोधी स्नायूंनी ब्रेक लावल्याचं लक्षण असतं.

माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण ठोसा संपल्यानंतर मिळते. पाऊल न सरकवता, श्वास न रोखता पुढची हालचाल तिथूनच सुरू करता आली का? फाजिननंतर पाऊल 'नीट' करून घ्यावं लागलं, तर बळ जितकं पुढे गेलं तितकंच स्वतःच्या तोलावरही आदळलं असं समजा.

गुणफलक

स्पर्धेच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण तिला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि तिचा हेतू फार थोडे जण समजून घेतात.

आंतरराष्ट्रीय वुशू नियमांत ऐच्छिक मालिकेचे एकूण १० गुण: ५ हालचालींच्या दर्जाचे, ३ एकंदर सादरीकरणाचे, २ काठिण्याचे. दर्जाचे गुण वजाबाकीने ठरतात. ठरलेल्या यादीतली चूक झाली की ०.१ जातो. तोलाच्या चुकांना पायऱ्या आहेत: डुललं तर ०.१, हात किंवा दुसरा पाय टेकून सावरलं तर ०.२, पडलं तर ०.३. काठिण्यात हवेत फिरून लाथ मारून एका पायावर उतरणं, खूप खाली बसून एका पायावरचा तोल अशा गोष्टी येतात. ऐच्छिक ताई चीला वेळ असतो ३ ते ४ मिनिटं.

या रचनेचा फायदा असा की तीन अनोळखी परीक्षक तीन टेबलांवर बसून जवळपास सारखा निकाल देऊ शकतात. तोटा असा की आतलं बळ कुठल्याच रकान्यात थेट येत नाही. 'बळ' हा शब्द सादरीकरणाच्या भागात येतो खरा, पण तिथे त्याचा अर्थ दिसणारी धार आणि लय एवढाच उरतो. ज्याची पावलं अचूक, उडी स्वच्छ आणि तोल पक्का, त्याला जिनशिवायही ९ च्या वर गुण मिळू शकतात. यात फसवणूक काहीच नाही, ती पद्धत मुळात त्या गोष्टी मोजण्यासाठीच बनवली आहे. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने २४ हालचालींची सोपी मालिका केली ती लोकांच्या आरोग्यासाठी, आणि १९८९ ची ४२ हालचालींची मालिका स्पर्धेत सगळ्यांना एकाच मापाने तोलता यावं म्हणून. दोन्ही हेतू प्रामाणिक आहेत, फक्त तुमचा हेतू वेगळा आहे.

तेव्हा तिथून वजाबाकीची शिस्त तेवढी उचला आणि रकाने बदला. 'छान वाटलं' म्हणून गुण देणं बंद करून 'अमुक चूक, तमुक वेळा' असं लिहायला लागलात की निम्मे वाद मिटतात. फक्त चुकांची यादी आधी वर्गाला वाचून दाखवा. खांदा उचलला, मागची टाच सुटली, पाऊल सरकलं, डोक्याची उंची विनाकारण बदलली (जिनगांग-दाओदुई सोडून), फाजिनच्या क्षणी श्वास रोखला, या पाच पुरेत. दहा-पंधरा ठेवल्या तर परीक्षक कागदातच डोकं घालून बसतो.

फुटपट्टी

मोजमापाबद्दल. आधी थोडं गणित, कारण त्याने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

६० किलोचा माणूस दोन्ही पावलं समांतर ठेवून उभा आहे. त्याच्या वजनाची रेषा टाचेच्या मागच्या कडेपासून साधारण १० सेंमी पुढे पडते. छातीवर, जमिनीपासून १२० सेंमी उंचीवर तुम्ही हळूहळू दाब दिला, तर तो ताठ असल्यास किती दाबाने मागे कलंडेल? ६० × १० ÷ १२०, म्हणजे फक्त ५ किलो. दळणाच्या लहान पिशवीएवढं वजन! तोच माणूस एक पाऊल पुढे, एक मागे असा लांब उभा राहिला आणि वजनाची रेषा मागच्या कडेपासून ३५ सेंमीवर असली, तर त्या दिशेने १७.५ किलो लागतात. पण दोन्ही पावलांना जोडणाऱ्या रेषेच्या काटकोनात दाब दिला की पुन्हा पाच-सहा किलोंवर येतो.

म्हणजे समांतर पावलांवर उभ्या असलेल्या जोडीदाराला मागे पाठवणं ही बळाची परीक्षा होतच नाही. कुठल्या दिशेला आधार नाही हे ओळखणं, ही मात्र तंत्राची उत्तम परीक्षा आहे. 'चार ल्यांगांनी हजार जिन ढळवा' या वचनातलं 'जिन' हे ल्यांगसारखंच वजनाचं चिनी माप आहे, बळाचं नव्हे, आणि त्यामागचं गणित बरंचसं हेच आहे. जोडीदार दुसऱ्यांदा ढकलताना त्याला पावलं बदलायला सांगा. ढकलणाऱ्याने दिशा बदलली तर तंत्र आहे, तीच दिशा ठेवून जोर वाढवला तर नाही.

आता उड्यांबद्दल. ६० किलोच्या माणसाला सेकंदाला १ मीटर वेग द्यायचा तर ०.३ सेकंद सरासरी २० किलोचा दाब लागतो, आणि ०.१ सेकंदात द्यायचा तर ६० किलोचा. त्यानंतर तो किती पावलं मागे गेला हे बहुतांशी त्याच्या स्वतःच्या पायांवर अवलंबून असतं. म्हणून अंतर मोजू नका, पहिला तृतीयांश सेकंद बघा. त्यात जोडीदाराच्या गुडघ्यांवर नजर ठेवा. दाब यायच्या आधी गुडघे किंचित वाकले असतील तर तो स्वतः उडी घ्यायच्या तयारीत होता. आडवा दाब दोन्ही पावलं एकदम जमिनीवरून उचलू शकत नाही. त्यासाठी खालून वर जाणारा भाग तरी हवा, नाहीतर जोडीदाराने स्वतः पाय झाडलेले असतात.

मोबाइल: साध्या ३० चौकटींच्या व्हिडिओत दर ३३ मिलिसेकंदांनी एक चित्र मिळतं. ठोसा ०.२ सेकंदात संपत असेल तर हातात सहा चित्रं, त्यात क्रम कळणार नाही. स्लो-मोशनमध्ये २४० चौकटी ठेवा, म्हणजे चार मिलिसेकंदांना एक. फोन तिपाईवर, खुब्याच्या उंचीला, तीन-चार मीटरवर, अगदी बाजूने. हातात धरून काढलेला व्हिडिओ यासाठी निरुपयोगी. मागची टाच, खुब्याचं बाहेरचं हाड, खांद्याचं टोक, कोपर आणि मनगट यांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावा. उजेड भरपूर हवा, नाहीतर चित्रं फाटतात.

मग एकेक चित्र पुढे सरकवत बघा. चांगल्या ठोशात खुबा सगळ्यात आधी वेग घेतो, मग तो मंदावतो आणि तो मंदावत असतानाच कोपराचा वेग चढतो, शेवटी मुठीचा. खुबा मंदावलाच नाही, मुठीबरोबर शेवटपर्यंत फिरत राहिला, तर बळ पुढे सोपवलं गेलं नाही. पहिल्या काही चित्रांतच खांद्याची पट्टी वर सरकली, तर हातानेच सुरुवात केली. आणि मागची टाच मुठीच्या उलट दिशेला घसरली तर ती घसरण म्हणजे वाया गेलेलं बळ. ती पट्टीने मोजताही येते. गुळगुळीत फरशीवर मात्र चांगल्या माणसाचीही टाच घसरते, तेव्हा परीक्षा चटईवर किंवा खडबडीत जमिनीवर घ्या.

वजनकाटा: अंकी काटा एक आकडा स्थिर होण्याची वाट बघतो, झटका त्याला पकडता येत नाही. त्यावर ठोसे मारून आकडे लिहिणं व्यर्थ आहे. काट्याला इजा होते ती वेगळीच. सुईचा साधा काटा स्थिर दाबासाठी मात्र झकास. भिंतीला छातीच्या उंचीवर टेकवून एकाने धरायचा, दुसऱ्याने 'आन'च्या (तळव्यांनी ढकलण्याच्या) स्थितीत तळव्याने १० किलोवर सुई आणून दहा सेकंद ठेवायची. १० यासाठी की लांब पावित्र्यात एवढा दाब पुढे न झुकता देता येतो, वरचं गणित बघा. आता त्याच्या कोपराला खालून दोन बोटांनी टिचकी मारा. दाब पावलातून येत असेल तर सुई जराशी हलून परत जागेवर येते. खांद्याने धरला असेल तर कोपर वर उडतं आणि सुई भरकटते.

बॅग: साधारण ३० किलोची लोंबती बॅग घ्या. मूठ एक वीतभर लांब ठेवून तिथूनच मारायला सांगा, हात मागे न नेता. ढकल असेल तर बॅग अख्खी मागे झुलते. नेमका आत गेलेला ठोसा असेल तर ती आधी मुठीपाशी घडी पडल्यासारखी दबते आणि जागच्या जागी उसळते, झोका कमी. दोन्ही 'बळ'च आहेत, पण फाजिनच्या रकान्यात दुसरं लिहायचं.

दीपमाळ

थुईशौचं मूल्यमापन बाहेर बसून करू नका. परीक्षकाने स्वतः हात लावला पाहिजे. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन गोष्टी हाताला लगेच कळतात.

पहिली 'फंग', म्हणजे फुगवलेल्या चेंडूसारखी सगळीकडून सारखा भरलेला ताण. परीक्षार्थीने पुढच्या हाताची गोलाई धरायची. तुम्ही त्याच्या मनगटाजवळ तळवा ठेवून साधारण पाच किलोचा दाब सावकाश वाढवा, तीन सेकंद थांबा, मग दाब न सोडता दिशा बाजूला वळवा, मग खाली. चांगल्या हातात गोलाई तशीच राहते आणि तुमच्या तळव्याला त्याचं मागचं पाऊल जाणवतं, मध्ये काही नसल्यासारखं. कच्च्या हातात दोनपैकी एक होतं. कोपर बरगडीला चिकटतं, नाहीतर हात लाकडासारखा होतो आणि दिशा बदलताच सगळा माणूस त्याच्याबरोबर फिरतो. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण समोरच्या दाबाला तो मजबूत वाटतो. म्हणून दिशा बदलणं टाळू नका.

दुसरी 'थिंग-जिन'. मराठीत याला कानोसा हा शब्द चपखल बसतो, फक्त इथे कानोसा कातडीने घ्यायचा. परीक्षा सोपी आहे: परीक्षार्थी तुमच्यावर दाब देत असताना तुमचा हात एकदम काढून घ्या. त्याचं डोकं चार बोटांपेक्षा जास्त पुढे आलं तर तो तुमच्यावर रेलला होता. तो ढकलत नव्हता, तुमच्याच आधारावर उभा होता. हे दहा वेळांत तीन-चारदा करा, मध्येच, न सांगता. नंतर त्याचे डोळे रुमालाने बांधा आणि दाबाची दिशा बदला. त्याची कंबर तुमच्या हातापाठोपाठ वळली पाहिजे. आधी वळली तर तो अंदाजाने खेळतोय, उशिरा वळली तर हात ताठ आहे.

या दोन्हींच्या मुळाशी 'सुंग' आहे. उच्चारामुळे मराठी कानाला 'सोंग' ऐकू येतं, पण अर्थ सांधे मोकळे सोडणं, गाठ सैल करणं. सैल म्हणजे लुळं नव्हे. मनगट धरून हात हळूच वर उचला आणि सोडा: हात स्वतःच्या वजनाने पडला तर सैल, हवेत तरंगत राहिला तर खांद्याने धरलाय, आणि पडताना छातीही खचली तर लुळा.

शिंगयीत मात्र निकष बदलतात. तिथे फक्त सान-थीच्या पावित्र्यातूनच निम्मं कळतं. वजन मागच्या पायावर जास्त, शाखेनुसार साठ-चाळीस किंवा सत्तर-तीस. नाकाचं टोक, पुढच्या हाताची तर्जनी आणि पुढच्या पायाचा अंगठा एका उभ्या पातळीत. पुढच्या तळव्यावर सावकाश दाब दिला की तो मागच्या टाचेत उतरला पाहिजे. कंबर मागे वाकून पोट पुढे आलं तर दाब मणक्यातच थांबला.

बंग-छुआन, म्हणजे सरळ मूठ, पाचांमध्ये दिसायला सगळ्यात साधी, आणि शिंगयीचे जुने गुरू ग्वो युनशन यांची कीर्ती तर याच मुठीवर, तीही अर्ध्या पावलात मारलेल्या. परीक्षेत तिच्या पावलांचा आवाज ऐका, बघूच नका. पुढचं पाऊल पडतं, मागचं ओढत येऊन थांबतं. मूठ यांपैकी कुठल्या क्षणी पोचावी याबद्दल शाखांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा तुमच्या परंपरेत जो क्षण शिकवला असेल तोच धरा, पण तो दर वेळी तोच असला पाहिजे. डोळे मिटून दहा मुठी ऐका. पावलाचा आणि मुठीचा क्षण दहापैकी आठ वेळा जुळला तर शरीर जोडलेलं आहे. पाऊल आधी, मूठ नंतर असं वारंवार होत असेल तर पायाचं बळ जमिनीत विरतंय आणि मूठ एकट्या हाताची आहे.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापून ठेवण्यासारखं आहे. दोन शंका. सूत्रांत म्हटलंय 'एक हललं की सगळं हलतं', आणि फुटपट्टी म्हणतात की खुबा आधी, मूठ शेवटी. मग खरं काय? दुसरं, वर्गात तीन जण फक्त ताई चीची यांग शैली करतात. त्यांच्या मालिकेत फाजिन नाहीच. त्यांना कसं तपासायचं?

ओळंबा

सूत्र आणि व्हिडिओ यांत विरोध नाही. हालचालीची सुरुवात सगळीकडे एकदम होते, वेगाचं शिखर मात्र खालून वर क्रमाने येतं. नवशिके 'सगळं एकदम' याचा अर्थ सगळीकडे सारखाच वेग असा घेतात, आणि मग शरीर दरवाज्यासारखं एका तुकड्यात फिरतं. याच्या उलट 'क्रम' हा शब्द जास्त मनावर घेतला की हालचाल तुकड्यातुकड्यांची होते, आधी पाय, मग थांबा, मग कंबर. परीक्षकाने दोन्ही टोकं बघावीत.

फुटपट्टी

इथे थोडा असहमत. वेगाच्या शिखरांचा क्रम लांब ठोशात स्वच्छ दिसतो. पण खांद्याने किंवा पाठीने द्यायच्या 'खाओ'मध्ये, जिथे अंतर वीतभरसुद्धा नसतं, खुबा आणि खांदा यांची शिखरं जवळपास एकत्र येतात, आणि तेच बरोबर आहे. तिथे क्रम शोधत बसलात तर चांगल्या माणसाचे गुण कापाल. माझा सल्ला: व्हिडिओवरचा क्रमाचा निकष मुठी आणि तळव्यांनाच लावा.

ओळंबा

हे मान्य. कोपर आणि खांद्याच्या प्रहारांना क्रमापेक्षा पावलाची घट्ट पकड आणि ताठ न झालेली मान एवढंच बघा.

यांगवाल्यांबद्दल: हळू मालिकेत बळ तपासायचं ते वजन बदलताना. 'लान-छ्वे-वेई' (चिमणीची शेपटी) मध्ये मागे बसून पुढे येतात, तिथे पाच ठिकाणी अचानक 'थांबा' म्हणा. ज्याला त्या क्षणी, आहे तिथे, तीन सेकंद स्थिर थांबता येतं आणि छातीवर हलका दाब दिला तरी मागे पडत नाही, त्याचं शरीर जोडलेलं आहे. थांबताना पाऊल सावरलं किंवा पार्श्वभाग मागे निघाला तर तो दोन पावित्र्यांच्या मध्ये पडत होता, फक्त हळू पडत होता म्हणून दिसलं नाही. पुढे येताना गुडघा अंगठ्याच्या पुढे गेला का तेही बघा. तसं झालं की रेटा मागच्या पायातून येणं थांबतं आणि सगळा भार पुढच्या गुडघ्यावर येतो.

गुणफलक

बाग्वाचा (वर्तुळावर चालत करायची चिनी युद्धकला) उल्लेख शीर्षकात आहे म्हणून थोडक्यात. वर्तुळावर चालताना डोक्याची रेषा बघा, मागच्या भिंतीवर एक आडवी खूण असली की सोपं जातं. डोकं वरखाली होत नसेल, पाऊल सपाट सरकत असेल आणि घोट्यांमध्ये फार अंतर राहत नसेल तर पाया ठीक. धड वर्तुळाच्या मध्याकडे वळलेलं हवं, पण ते कंबर-बरगड्यांतून. नुसती मान आणि खांदा फिरवून मध्याकडे बघणारे पुष्कळ असतात. आत वळवायच्या पावलावर (खौ-बू) वजन पूर्ण टेकल्यानंतर पिळलं तर गुडघ्याला धोका. पाऊल हवेत असतानाच वळवायला लावा.

आणखी एक. बळाची परीक्षा आणि लढतीची परीक्षा एकच समजू नका. १९५४ साली मकाऊमध्ये ताई चीचे वू गोंगयी आणि पांढऱ्या बगळ्याच्या शैलीचे छन खफू यांचा जाहीर सामना झाला. मदतनिधीसाठी होता, दुसऱ्या फेरीतच थांबवला गेला. त्याचं जुनं चित्रण बघणाऱ्यांना सुंदर फाजिन सापडत नाही. दिसतात ते झटपट ठोसे, लाथा आणि बिघडलेली अंतरं. त्यावरून या माणसांकडे जिन नव्हतं असं म्हणणं चूक, आणि वर्गात जिन आहे म्हणून लढता येईल असं म्हणणंही तितकंच चूक. वेळ, अंतर आणि समोरच्याचा विरोध यांची सवय हा वेगळा विषय, त्याला वेगळा रकाना ठेवा किंवा ठेवूच नका.

उंबरठा

समजलं. शेवटचं: प्रत्येकाला किती प्रयत्न द्यायचे, आणि क्रम कसा ठेवायचा?

दीपमाळ

आधी स्पर्शाची परीक्षा, मग मालिका, सगळ्यात शेवटी फाजिन. फाजिन आधी घेतलं तर खांदे भरून येतात आणि नंतर फंग तपासताना सगळेच ताठ निघतात. प्रत्येक बाजूला पाच फाजिन, मध्ये दोन पूर्ण श्वासांची विश्रांती. पहिला आणि शेवटचा सोडून मधले तीन मोजा: पहिल्यात धास्ती असते, शेवटच्यात दमछाक. दहाच्या वर नेऊ नका, कोपर लॉक व्हायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी सांधा दुखतो. कोपर पूर्ण सरळ होण्याआधी थांबलं पाहिजे हे आधीच सांगून ठेवा.

आणि डावी बाजू आधी घ्या. उजव्या बाजूचा ठोसा बहुतेकांचा पाठ असतो. शरीर खरंच जोडलेलं असेल तर डाव्या बाजूला वेग कमी पडेल, पण खुबा, कोपर, मूठ हा क्रम तोच राहील. डावीकडे क्रम मोडला आणि फक्त हात उरला, तर उजवीकडचे गुण परत एकदा बघा.

फुटपट्टी

डाव्या बाजूच्या ठोशाचं चित्रण करताना फोनही दुसऱ्या बाजूला न्या. पाठीकडून घेतलं तर कोपराची पट्टी धडामागे लपते आणि नेमकी हवी ती चित्रं हातातून जातात.